पन्नाशीच्या आसपास टेस्टोस्टेरॉन कमी आले तर काय करावे

चाळिशी ओलांडल्यानंतर थकवा येणे, पोट सुटणे, कामात लक्ष न लागणे, उगाच चिडचिड होणे या तक्रारी इतक्या सर्रास आढळतात की त्यांची वेगळी दखल घ्यावी असे कोणालाच वाटत नाही. ठाण्याहून फोर्टला किंवा नेरुळहून अंधेरीला रोज ये-जा करणारा माणूस दमलो म्हणाला, तर घरचेही 'प्रवासच तेवढा आहे' म्हणून विषय संपवतात. अलीकडे मात्र 'फुल बॉडी चेकअप'च्या स्वस्त पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषांच्या मुख्य लैंगिक संप्रेरकाची (हार्मोनची), तपासणी अनेकदा घातलेली असते. अहवालात त्या आकड्यापुढे 'कमी' अशी खूण दिसली की एक तर माणूस संकोचाने तो कागद कपाटात ठेवून देतो, नाहीतर कोणाच्या तरी सांगण्यावरून थेट इंजेक्शन घ्यायला निघतो. दोन्हींत नुकसान आहे. या वयात कमी आलेला आकडा पुष्कळदा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो. ते कारण शोधून त्यावर उपाय करणे हे पहिले काम; संप्रेरक बाहेरून देण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही खरोखर गरज ठरली तरच.

तक्रार नेमकी कोणती?

थकवा, उदासपणा आणि विसराळूपणा ही लक्षणे टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेत दिसतात हे खरे, पण तीच लक्षणे रक्तक्षयात, थायरॉईडच्या विकारात, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत, अनियंत्रित मधुमेहात आणि नैराश्यातही दिसतात. त्यामुळे केवळ थकव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. लैंगिक लक्षणांचे वजन त्याहून अधिक असते: कामेच्छा कमी होणे, पहाटे किंवा सकाळी उठताना येणारी ताठरता क्वचित येणे किंवा बंद होणे, आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणे. युरोपातील आठ केंद्रांमध्ये ४० ते ७९ वयोगटातील पुरुषांचा जो मोठा अभ्यास झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही तिन्ही लक्षणे आणि रक्तातील कमी पातळी अशी दोन्ही एकत्र असलेले पुरुष सुमारे २ टक्केच निघाले. वयाबरोबर पातळी थोडी थोडी उतरणे आणि उपचार लागावा इतकी कमतरता होणे यांत केवढे अंतर आहे, ते या आकड्यावरून कळते.

दाढीचे व अंगावरचे केस विरळ होणे, स्तनांची वाढ होणे किंवा ते दुखणे, अंडकोषांचा आकार लहान झाल्यासारखा वाटणे, किरकोळ पडण्याने हाड मोडणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. सतत डोकेदुखी, बाजूचे दिसेनासे होणे किंवा स्तनाग्रांतून स्राव येणे यांपैकी काही असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता तपासावी लागते. ते काम त्याच आठवड्यात व्हावे.

ताठरतेच्या तक्रारीबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती संकोचापोटी नेहमी मागे राहते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असतात, म्हणून रक्तवाहिन्या आतून खराब होऊ लागल्या की त्याची पहिली खूण पुष्कळदा तिथे उमटते. हृदयाची तक्रार काही वर्षांनी येते. म्हणून पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुरुषाला ही अडचण नव्याने जाणवू लागली असेल, तर टेस्टोस्टेरॉनच्या आधी किंवा त्याच्याबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांना हृदयाच्या दृष्टीनेही तपासायला सांगावे.

रक्ततपासणी कशी करावी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभर सारखी नसते. ती पहाटे व सकाळी सर्वांत जास्त असते आणि दुपारनंतर उतरते. जेवल्यानंतरही, विशेषतः गोड खाल्ल्यानंतर, ती काही काळ खाली जाते. म्हणून रक्ताचा नमुना सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, रात्रीची झोप नीट झालेली असताना द्यावा. घरी येऊन रक्त घेणाऱ्या लॅबकडे वेळ ठरवताना पहिल्या फेरीची वेळ मागून घ्यावी. पॅकेजमधल्या बाकीच्या तपासण्या ११ वाजता चालतील, ही चालणार नाही. एकदा कमी आली म्हणजे ती कमी आहेच असे धरू नये. काही दिवसांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी दुसरा नमुना द्यावा आणि दोन्ही वेळा आकडा कमी आला तरच पुढचा विचार करावा.

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचा अहवाल याचे चांगले उदाहरण आहे. ते पहाटे झोपतात आणि दुपारी उठतात. नमुना दिला तो संध्याकाळी साडेचारला, जेवण झाल्यावर, आणि डेंग्यूतून उठून जेमतेम दोन आठवडे झाले असताना. एकूण टेस्टोस्टेरॉन २३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि घरात काळजीचे वातावरण पसरले. डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही. अशक्तपणा पूर्ण जाऊ द्या, सुट्टी घेऊन काही दिवस रात्री झोपा आणि मग सकाळी उपाशीपोटी तपासा, एवढेच त्यांनी सांगितले. दुसऱ्या वेळचा आकडा ३६० होता. कोणत्याही तीव्र आजारात टेस्टोस्टेरॉन तात्पुरते घसरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांची साथ असते हे लक्षात घेता आजारातून उठल्यावर निदान काही आठवडे ही तपासणी करू नये. कायम रात्रपाळी असणाऱ्यांनी आपल्या झोपेची वेळ डॉक्टरांना सांगून, झोपून उठल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत नमुना देण्याचे ठरवावे. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला व डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही प्रकारच्या यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा चुकीचा, खऱ्याहून जास्त येऊ शकतो.

आकडा वाचताना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमारेषा अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने धरली आहे, तर काही तज्ज्ञसंस्था ती २६४ च्या आसपास धरतात. याचा अर्थ २९० आले म्हणजे रोगी आणि ३१० आले म्हणजे निरोगी असा होत नाही. शिवाय रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते आणि मोकळे, लगेच कामी येणारे टेस्टोस्टेरॉन २ टक्क्यांच्या आसपासच असते. चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एसएचबीजी नावाचे प्रथिन लठ्ठपणात आणि मधुमेहात कमी होते. त्यामुळे पोट सुटलेल्या माणसात एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकते. सीमेवरच्या आकड्यात डॉक्टर एसएचबीजी तपासून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशोब काढतात, तो याच कारणासाठी.

दुसऱ्या वेळीही आकडा कमी आला तर एलएच आणि एफएसएच या पियुषिका ग्रंथीच्या संप्रेरकांची तपासणी आवश्यक असते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर दोष अंडकोषांत असतो. तरुणपणी झालेल्या गालगुंडामुळे अंडकोषांना आलेली सूज, कर्करोगाचे उपचार किंवा जन्मतः असलेला गुणसूत्रांचा दोष ही त्याची कारणे असू शकतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी, किंवा ते वाढायला हवे असताना न वाढलेले असेल, तर अडचण वरच्या पातळीवर आहे. मध्यमवयीन पुरुषात त्यामागे बहुधा लठ्ठपणा, मधुमेह, वेदनाशामक ओपिऑइड औषधे, दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइड्स किंवा जिममध्ये स्नायू फुगवण्यासाठी कधीकाळी घेतलेली अ‍ॅनाबॉलिक इंजेक्शने असतात. आकडा १५० च्या खाली असेल तर पियुषिका ग्रंथीचा एमआरआय करण्याचा विचार होतो. याच नमुन्यात प्रोलॅक्टिन (पियुषिकेचे आणखी एक संप्रेरक), टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि ब-१२ या तपासण्या करून घेतल्या तर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही.

कोणाला दाखवावे?

सुरुवात घराजवळच्या, आपला पूर्वेतिहास माहीत असलेल्या फिजिशियनपासून करावी. खिशाला खासगी फी परवडत नसेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय येथील मेडिसिन ओपीडीत प्राथमिक तपासणी होऊ शकते. संप्रेरकांचा प्रश्न नक्की झाला तर एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, लघवीची किंवा प्रोस्टेटची तक्रार बरोबर असेल तर युरोलॉजिस्ट. भिंतींवर आणि लोकलच्या डब्यात ज्यांच्या 'गुप्तरोग' म्हणून जाहिराती चिकटवलेल्या असतात, तिकडे जाऊ नये.

शक्य असेल तर पत्नीला बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपण रात्री किती घोरतो, घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो का, गेल्या वर्षभरात स्वभाव कितपत बदलला, हे आपल्याला सांगता येत नाही, तिला येते. शिवाय दोन वर्षे नवरा आपल्याला टाळतो आहे असे मनात धरून बसलेल्या बाईला, हा शरीराचा प्रश्न आहे आणि त्यावर इलाज चालू आहे, हे डॉक्टरांच्या समोर बसून कळले तर घरातला ताण निम्म्याने हलका होतो. चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, वैद्यांनी दिलेल्या पुड्यांसह, पिशवीत घालून न्याव्यात.

आपल्या हातात असलेले उपाय

पोटावरची चरबी ही नुसती साठवण नसते. त्या चरबीतील एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते, आणि वाढलेले इस्ट्रोजेन पियुषिकेला काम कमी करण्याचा संदेश देते. भारतीय पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा असे मानले जाते. तो बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावा. वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी टेस्टोस्टेरॉन काही प्रमाणात आपोआप वाढते, म्हणजे ९० किलोच्या माणसाने साडेचार ते नऊ किलो कमी करणे हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. त्यासाठी उपासमार करू नये, कारण अति उपासानेही हे संप्रेरक खाली जाते. संध्याकाळी स्टेशनबाहेर घेतला जाणारा वडापाव आणि साखरेचा दुसरा-तिसरा चहा आधी बंद करावा, रात्रीच्या जेवणातला भात निम्मा करून त्या जागी उसळ, अंडी, मासे किंवा दही घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नुसते चालून भागत नाही. ठाण्याच्या कचराळी तलावाभोवती किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या फेरीमार्गावर सकाळी पन्नाशीचे अनेक पुरुष नियमाने चालताना दिसतात, आणि त्याने हृदयाला व साखरेला निश्चित फायदा होतो. पण या वयात स्नायू झिजत असतात आणि ते राखण्यासाठी वजन उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा लागतोच. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन दोन्ही हातांत धरून इमारतीच्या आवारात फेऱ्या मारणे इतके घरच्या घरी करता येते. अनेक वर्षांत व्यायाम नसेल आणि रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर येऊरच्या चढावर पहिल्याच रविवारी दम लावण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

आपल्या भागातल्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान झोपेत होते, असे माझे स्पष्ट मत आहे. टेस्टोस्टेरॉन रात्री झोपेत वाढत जाते, आणि साडेअकराला झोपून पाच वाजता गाडी गाठण्यासाठी उठणारा माणूस ती वाढच रोज कापून टाकतो. २०११ मध्ये शिकागोत निरोगी तरुणांना एक आठवडा रोज पाच तासच झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. प्रवासाचा वेळ कमी करणे आपल्या हातात नसते हे मान्य आहे, पण रात्री दहानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, जेवण नऊच्या आत उरकणे आणि आठवड्यातून जितके दिवस घरून काम करता येईल तितके दिवस वाचलेला वेळ झोपेला देणे शक्य असते. जोरात घोरणे, श्वास अडकून दचकून उठणे, सकाळी डोके जड असणे आणि लोकलमध्ये बसताक्षणी डोळा लागणे अशी लक्षणे असतील, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. झोपेतील श्वासावरोधासाठी रात्री लावायचे सीपॅप यंत्र दिले जाते. केवळ त्याने टेस्टोस्टेरॉन वाढेलच असे नाही, पण थकवा, रक्तदाब आणि चिडचिड यांत मोठा फरक पडतो, आणि तक्रार मुळात तीच असते.

दारू वारंवार किंवा जास्त प्रमाणात होत असेल तर ती अंडकोषांच्या पेशींवर आणि यकृतावर थेट परिणाम करते, म्हणून ती थांबवावी. पूर्वीपासून चालू असलेली औषधे मात्र मनानेच बंद करू नयेत. विशेषतः स्टिरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

'ताकदीच्या' कॅप्सूल आणि जिममधली इंजेक्शने

पुरुषांच्या शक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलसारखे (व्हायग्रातले) ॲलोपॅथीचे औषध गुपचूप मिसळलेले आढळल्याची उदाहरणे जगभर नोंदवली गेली आहेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वगैरे, अशी कॅप्सूल घेतली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव धोक्यात येतो. अश्वगंधेने पातळी थोडी वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, पण काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून कावीळ होऊन गेलेल्यांनी किंवा थायरॉईडची औषधे घेणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. जिमच्या प्रशिक्षकाकडून मिळणारे इंजेक्शन तर कधीच घेऊ नये.

संप्रेरकाचा उपचार कोणासाठी?

लक्षणे स्पष्ट आहेत, दोन सकाळच्या तपासण्यांत आकडा कमी आहे, कारण शोधून झाले आहे आणि त्या कारणावरचा उपाय पुरेसा ठरला नाही किंवा ते कारण दूर होण्यासारखे नाही, अशा पुरुषाला टेस्टोस्टेरॉन दिल्याने खरोखर बरे वाटते आणि त्याने ते घेण्यास कचरू नये. अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी. ६५ वर्षांवरील पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कामेच्छा व लैंगिक क्षमता मध्यम प्रमाणात सुधारली, पण उत्साहात आणि थकव्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मूल होण्याची क्षमता घटते, हे उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असायला हवे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद पडतो, तसे रक्तात बाहेरचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे दिसले की पियुषिका एलएच व एफएसएच बनवणे थांबवते आणि अंडकोषांतील शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा बंद होते. उशिरा लग्न झालेल्या आणि अजून मूल हवे असलेल्या पुरुषाने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. त्याच्यासाठी वेगळी औषधे असतात. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, नियंत्रणात नसलेले हृदयाचे अपयश, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, उपचार न केलेला झोपेतील तीव्र श्वासावरोध आणि आधीच घट्ट असलेले रक्त या परिस्थितीत हा उपचार सुरू केला जात नाही. हृदयाच्या दृष्टीने मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या ५,००० हून अधिक पुरुषांमध्ये झटक्यांचे व पक्षाघाताचे प्रमाण टेस्टोस्टेरॉनमुळे वाढले नाही, परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुफ्फुसात गुठळी जाणे हे प्रकार काहीसे जास्त दिसले.

आपल्याकडे इंजेक्शन, त्वचेला लावायचे जेल आणि तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल असे प्रकार मिळतात. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन साधारण १० ते १४ आठवड्यांनी घ्यावे लागते, लहान मुदतीची इंजेक्शने दोन-तीन आठवड्यांनी. जेल लावणाऱ्याने ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावे, हात साबणाने धुवावेत आणि लावलेली जागा कपड्याने झाकावी, कारण पत्नीच्या किंवा कडेवर घेतलेल्या लहान मुलाच्या त्वचेला ते लागले तर त्यांच्या शरीरावर परिणाम होतो. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर येतो, तेव्हा जेल लावायची वेळ लोकल पकडण्याच्या धावपळीची नसावी.

उपचार सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) आणि वयानुसार पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) तपासावे लागते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवून कारण शोधतात. एका पायाला अचानक सूज, धाप किंवा छातीत दुखणे असे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. पातळी योग्य आली असूनही वर्षभरात लैंगिक तक्रारींत सुधारणा झाली नसेल, तर उपचार चालू ठेवण्यात अर्थ नसतो आणि तो बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी स्वतःहून बोलावे. बंद करताना मात्र त्यांच्या देखरेखीखालीच करावा, कारण शरीराची स्वतःची निर्मिती पुन्हा सुरू होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि त्या काळात थकवा व उदासी परत आल्यासारखी वाटते, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवावे.